पुन्हा घसरल्यावर : व्यसन, प्रार्थना आणि ख्रिस्ती करुणेची दीडशे वर्षं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर चीनमध्ये दोन ख्रिस्ती माणसं अफूशी झगडत होती. शान्शी प्रांतातले शी शेंगमो हे कन्फ्यूशियसच्या परंपरेत वाढलेले विद्वान. डेव्हिड हिल या मेथडिस्ट मिशनऱ्याच्या सहवासात १८७९ मध्ये ते ख्रिस्ती झाले, प्रार्थनेच्या आधारानं त्यांनी अफू सोडली आणि पुढे पाळक होऊन अफू सोडवणारे चाळीसहून अधिक आश्रम चालवले. दुसरे मार्क जी त्यान्श्यांग. हे कॅथलिक वैद्य, गरिबांवर मोफत उपचार करणारे. पोटाच्या दुखण्यावर घेतलेली अफू त्यांना जडली. दर वेळी तेच पाप घेऊन येतो म्हणजे याचा पश्चात्ताप खरा नाही, असं ठरवून धर्मगुरूंनी त्यांना पापक्षमा आणि कम्युनियन नाकारलं. सुमारे तीस वर्षं हा माणूस चर्चला जात राहिला, व्यसन सुटावं म्हणून प्रार्थना करत राहिला आणि अफू घेत राहिला. परकीय आणि ख्रिस्ती लोकांविरुद्धच्या १९०० च्या बॉक्सर उठावात तो कुटुंबासह पकडला गेला. आपल्यातलं कुणी एकटं मरू नये म्हणून मला सर्वांत शेवटी मारा, अशी विनंती त्यानं केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्याला संत म्हणून घोषित केलं.

ख्रिस्ती सभांमध्ये साक्ष होते ती शी यांच्यासारख्यांची. प्रभूनं सोडवलं, त्या दिवसापासून हात लावला नाही, असं कुणी सांगितलं की मंडळी हालेलुया म्हणते. जी यांच्यासारख्यांना व्यासपीठ मिळत नाही, आणि व्यसनाशी झगडणाऱ्यांत अशांची संख्या फार मोठी असते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या मते उपचारानंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के असतं. रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांचं दुखणं पुन्हा उलटण्याचं प्रमाणही याच्या आसपास, किंबहुना थोडं जास्तच आहे. म्हणून ख्रिस्ती करुणेचा आढावा घेताना इथे एकच कसोटी लावली आहे: घसरून परत आलेल्या माणसाचं चर्चनं काय केलं?

शास्त्राचे दोन आवाज

नव्या करारात दारुड्यांना खडसावणारी वचनं आहेत. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानंही औषधोपचाराचं कारण सोडून अमली पदार्थ घेणं गंभीर अपराध मानलं आहे. त्याच नव्या करारात पौल मात्र कबूल करतो की जे करू नये असं वाटतं तेच आपल्या हातून होतं. व्यसनी माणसाला ही कबुली कुणी समजावून सांगावी लागत नाही.

करुणेची बाजू सांगताना दयाळू शोमरोन्याचा दाखला हमखास येतो. त्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. शोमरोनी रस्त्यात पडलेल्या माणसापाशी प्रार्थना करताना कुठेही दिसत नाही. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, पैसे भरतो, आणि जास्त खर्च आला तर परत येईन तेव्हा देईन असं मालकाला सांगतो. एका खेपेत भागणार नाही, हे त्यानं धरूनच ठेवलेलं असतं.

मध्यस्थीच्या प्रार्थनेला आधार सापडतो तो पक्षाघात झालेल्या माणसाच्या गोष्टीत. चौघं जण त्याला खाटेवरून आणतात, गर्दीमुळे दार मिळत नाही तेव्हा छप्पर उकलून त्याला खाली सोडतात, आणि येशू त्या चौघांचा विश्वास पाहतो. ज्याला स्वतःला विश्वास धरणं जमत नाही त्याच्या वतीनं इतरांनी तो धरायचा, हा त्यातला विचार. मात्र त्या चौघांनी खाटही उचलली होती. पेत्रानं भावाला किती वेळा क्षमा करायची असं विचारल्यावर येशूनं दिलेला आकडा तर मोजदाद ठेवणाऱ्याला हरवण्यासाठीच आहे.

अफूविरोधापासून बंदीच्या कायद्यापर्यंत

चीनला गेलेल्या भारतीय अफूतला मोठा वाटा माळव्यातला होता आणि तो मुंबई बंदरातून निघत असे. त्या अफूनं उद्ध्वस्त झालेली घरं मिशनऱ्यांनी पाहिली आणि ब्रिटनमध्ये अफूव्यापाराविरुद्ध मोहीम उभी राहिली. क्वेकर पंथीय तिच्यात आघाडीवर होते. १९०९ मध्ये शांघायला भरलेल्या आंतरराष्ट्रीय अफू आयोगाचे अध्यक्ष फिलिपिन्सचे एपिस्कोपल बिशप चार्ल्स ब्रेंट होते. आज जगभर असलेल्या अमली पदार्थविरोधी कायद्यांची एक मुळी तिथे सापडते. करुणेतून निघालेल्या या मोहिमेनं व्यापाऱ्याला आवर घातला, पण पुढच्या काळात त्याच कायद्यांच्या फासात व्यसनी माणूसही गुन्हेगार म्हणून अडकला.

मिशन दवाखान्यांच्या हातून आणखी एक चूक झाली. अफू सोडवण्यासाठी त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. लोक अफूऐवजी मॉर्फिनला लागले आणि चिनी लोक त्या गोळ्यांना ‘येशूची अफू’ म्हणू लागले. शी यांनी प्रार्थनेच्या जोडीला चिनी औषधींच्या स्वतः केलेल्या गोळ्या वापरल्या. प्रार्थनेला औषध चालतं की नाही, हा वाद पुढे शंभर वर्षं चालला. ज्याच्या आश्रमांची साक्ष सगळीकडे दिली गेली, त्यानं तो सुरुवातीच्या दिवसांतच निकालात काढला होता.

आपल्याकडे व्यसनविरोधाचा हा विचार दारूबंदीच्या वाटेनं आला. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. तिथे फ्रान्सिस विलर्ड यांच्या ख्रिस्ती महिला मद्यपाननिषेध संघाशी त्यांचा जवळचा संबंध आला. नवऱ्याच्या दारूनं पिचलेल्या बाईची बाजू त्या संघानं लावून धरली होती. पिणाऱ्या माणसाच्या आत काय चाललं आहे, याकडे मात्र त्या पिढीचं फारसं लक्ष नव्हतं.

अ‍ॅक्रनमधली भेट

ते लक्ष गेलं १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन या गावी. दारू सोडून काही महिनेच झालेले शेअरदलाल बिल विल्सन आणि पिणं न सुटलेले शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ तिथे भेटले. विल्सन यांना पुन्हा पिण्याची अनावर ओढ लागली होती. ती टाळायची तर दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललं पाहिजे, असं त्यांना वाटलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा (एए) उगम या भेटीत आहे.

दोघंही फ्रँक बुकमन या लुथरन धर्मोपदेशकानं सुरू केलेल्या ऑक्सफर्ड ग्रुपच्या सभांना जात. दोष उघड कबूल करणं, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करणं, प्रार्थनेत देवाची इच्छा शोधणं आणि दुसऱ्याला मदत करणं हा त्या गटाचा शिरस्ता. एए पुढे त्या गटापासून वेगळी झाली, पण १९३९ च्या पुस्तकातल्या बारा पायऱ्यांत हा सारा ख्रिस्ती वारसा उतरला. एक बदल मात्र निर्णायक ठरला. देव कोणता, हे ज्यानं त्यानं आपल्या समजुतीप्रमाणे ठरवावं, अशी मुभा ठेवण्यात आली. त्यामुळे हिंदू, मुसलमान आणि नास्तिक यांनाही त्या खोलीत जागा झाली. मुंबईत १९५७ पासून एएच्या सभा होऊ लागल्या. अमली पदार्थांसाठीची नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस (एनए) १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात निघाली.

आपल्या कसोटीवर एए का उतरते? तिथे कुणी ‘कायमचा बरा झालो’ असं म्हणत नाही. आजचा दिवस गेला, एवढंच म्हणतो. घसरलेला माणूस पुढच्या सभेला येतो, नाव सांगतो, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतो आणि बाकीचे त्याला बसायला खुर्ची देतात. चमत्काराची जाहिरात नसल्यामुळे अपयश लपवायची गरजही उरत नाही.

रस्त्यावर उतरलेली प्रार्थना

दुसरी धारा पेंटेकोस्टल. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावचे पाळक डेव्हिड विल्करसन यांनी १९५८ मध्ये ‘लाइफ’ मासिकात खुनाच्या खटल्यातल्या किशोरवयीन मुलांचं चित्र पाहिलं आणि ते न्यूयॉर्कला गेले. १९६० मध्ये ब्रुकलिनला टीन चॅलेंज सुरू झालं. टोळीचा म्होरक्या निकी क्रूझ याच्या परिवर्तनाची हकीकत ‘द क्रॉस अँड द स्विचब्लेड’ या पुस्तकातून जगभर गेली.

ब्रिटनची तरुण संगीतशिक्षिका जॅकी पुलिंजर १९६६ मध्ये जहाजानं हाँगकाँगला गेली. कौलूनच्या तटबंदीच्या वस्तीत पोलीस सहसा फिरकत नसत, टोळ्यांचं राज्य होतं आणि गल्लोगल्ली हेरॉइन. तिथे तिनं मुलांसाठी क्लब काढला. नशा उतरतानाच्या यातनांत माणसाजवळ रात्रंदिवस आळीपाळीनं बसून प्रार्थना करायची, ही तिच्या कामाची पद्धत. मुलं त्याच गल्लीत परतली की पुन्हा अडकतात हे कळल्यावर तिनं त्यांच्यासाठी घरं उघडली. पुढे १९८१ मध्ये सेंट स्टीफन्स सोसायटी उभी राहिली. या कामातली प्रार्थना साक्षीतल्या वर्णनाइतकी क्षणात उरकणारी नव्हती. उलटीची बादली धरणारा हात आणि पहाटे तीनला जागं असलेलं माणूस तिच्यात होतं.

कॅथलिकांत १९८३ हे वर्ष ठळक आहे. इटलीत सालुझ्झोला सिस्टर एल्विरा यांनी चेनाकोलो समुदाय सुरू केला, आणि ब्राझीलमधल्या ग्वारातिंगेताला फ्रान्सिस्कन धर्मगुरू हान्स स्टापेल यांच्या प्रेरणेनं ‘आशेचा मळा’ उभा राहिला. दोन्हीकडे दिवसाची मांडणी सारखी आहे: प्रार्थना, अंगमेहनत आणि सहजीवन. २००७ मध्ये ‘आशेच्या मळ्या’त आलेल्या पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी अमली पदार्थ विकणाऱ्यांना देवापुढे जाब द्यावा लागेल असं बजावलं.

प्रार्थनेनं नेमकं काय होतं?

याचं उत्तर शोधायचा प्रयत्न संशोधकांनीही केला आहे. १९९७ मध्ये न्यू मेक्सिकोत दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या ४० जणांचा एक लहान अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांसाठी बाहेरच्या लोकांनी प्रार्थना केली, निम्म्यांसाठी नाही. पिण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. उलट, घरचं किंवा मित्रांपैकी कुणी आपल्यासाठी आधीपासून प्रार्थना करतं आहे असं सांगणारे सहा महिन्यांनी इतरांपेक्षा जास्त पीत होते. प्रार्थनेमुळे पिणं वाढलं, असा अर्थ यातून निघत नाही. ज्याची अवस्था जास्त बिकट त्याच्यासाठी प्रार्थनाही जास्त, असं असू शकतं. इतक्या लहान अभ्यासावरून कुठलाच ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

दुसऱ्या बाजूला २०२० चा कॉक्रेन आढावा आहे. २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं यांवर तो उभा आहे. वर्षभर सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याशी जोडलेले बारा पायऱ्यांचे उपचार इतर मान्य मानसोपचारांच्या बरोबरीचे, काही बाबतींत सरस ठरले. हा निष्कर्ष दारूपुरता आहे, तो जसाच्या तसा हेरॉइनला लावता येणार नाही.

दोन्ही एकत्र ठेवले की एक चित्र दिसतं. दूर बसून, माणसाला न भेटता केलेल्या प्रार्थनेचा परिणाम मोजता आलेला नाही. प्रार्थना जिथे रोजच्या सोबतीचा भाग होते, तिथे माणसं टिकतात. श्रद्धावान वाचकानं यामुळे दूरची प्रार्थना सोडायचं कारण नाही. फक्त तिच्यावर उपचाराचा भार टाकू नये. काही केंद्रं ७०-८० टक्के यश सांगतात, तेव्हा आकडा कुणाचा आहे हेही विचारावं. कार्यक्रम अर्धवट सोडून गेलेल्यांना वगळून फक्त पूर्ण करणारे मोजले, तर कुठलाही कार्यक्रम झळकतो.

घरच्यांचा प्रश्न वेगळा. वर्षानुवर्षं गुडघे टेकणाऱ्या आईला चर्चमध्ये संत मोनिकाचं उदाहरण दिलं जातं. तिनं मुलासाठी, ऑगस्टीनसाठी, अश्रू ढाळले आणि तो परतला. ते उदाहरण धीर देतं, पण माझीच प्रार्थना कमी पडली असा अपराधभावही मागे ठेवून जातं. कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये सुरू झालेली अल-अ‍ॅनॉन सांगते, की हे व्यसन तुम्ही लावलेलं नाही आणि ते तुमच्या ताब्यातही नाही. पाळकांनी आईला हे आधी सांगितलं, तर मोनिकाची गोष्ट तिला जड जाणार नाही.

सुई, औषध आणि चर्चमधला वाद

सर्वांत कडाक्याचा वाद इथे आहे. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं दिली तर मृत्यूचं प्रमाण खूप घटतं, हे आता वैद्यकात मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये त्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. अनेक ख्रिस्ती केंद्रांना मात्र हा नशेला नशेचा पर्याय वाटतो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१४ मध्ये अशा पर्यायी औषधांना शरणागतीचा झाकलेला प्रकार म्हटलं होतं.

सिडनीत हा वाद प्रत्यक्षात घडला. १९९९ मध्ये वेसाइड चॅपलच्या पाळकांनी कायदा मोडून, व्यसनी माणसांना निदान देखरेखीखाली सुई टोचता यावी अशी खोली उघडली. त्यानंतर सरकारनं असं केंद्र चालवायची जबाबदारी कॅथलिक सिस्टर्स ऑफ चॅरिटीकडे द्यायचं ठरवलं. व्हॅटिकननं त्यांना माघार घ्यायला लावली. शेवटी युनायटिंग चर्चनं ते पत्करलं आणि मे २००१ मध्ये किंग्ज क्रॉस भागात केंद्र सुरू झालं. प्राण जाण्याच्या बेतातले हजारो ओव्हरडोस तिथे वेळीच आवरले गेले. पापाला मदत करायची नाही, ही एका चर्चची भूमिका. मेलेल्या माणसाला पश्चात्तापाची संधी नसते, ही दुसऱ्याची.

भारतात हाच प्रश्न ईशान्येत उभा राहिला. नागालँड आणि मिझोराममध्ये ८५ टक्क्यांहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत, आणि म्यानमारची सीमा जवळ असल्यानं हेरॉइनही. मणिपुरात सुयांवाटे एचआयव्ही झपाट्यानं पसरला, तेव्हा इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या प्रोटेस्टंट संस्थेनं चुराचांदपूरला निर्जंतुक सुया आणि ब्युप्रेनॉर्फिन द्यायला सुरुवात केली. हे काम उपदेशाहून अवघड होतं, कारण आपल्याच मंडळ्यांना पटवावं लागत होतं. त्याच प्रदेशात व्यसनी मुलांना मारहाण करून वठणीवर आणायचे प्रकारही झाले.

आपल्या कसोटीचा वैद्यकीय अर्थ इथे कळतो. केंद्रात काही महिने राहून आलेल्या माणसाच्या शरीराची नशा सोसण्याची सवय गेलेली असते. बाहेर पडून त्यानं जुनी मात्रा घेतली, तर ती जीवघेणी ठरते. घसरलेला माणूस लाजेनं चर्चपासून लपला, तर तो एकटा मरतो.

वांद्रे, वसई, गोवा

मुंबईत गर्द पसरलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. ‘गर्दुल्ला’ हा शब्द रेल्वे फलाटावरच्या माणसाला चिकटला तो तेव्हाच. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. स्वतः दारूच्या व्यसनातून गेलेला हा धर्मगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचा विद्यार्थी. बारा पायऱ्या, ध्यान आणि अय्यंगार पद्धतीची आसनं यांची सांगड त्यांनी घातली. योगाकडे संशयानं पाहणारे ख्रिस्ती आणि चर्चकडे संशयानं पाहणारे इतर अशा दोघांनाही हे काम पचवावं लागलं. वसई, गोवा आणि ईशान्य भारतापर्यंत संस्थेची केंद्रं पोहोचली. २००९ मध्ये परेरा यांना पद्मश्री मिळाली.

पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. ते ख्रिस्ती नाही. पण व्यसन हा आजार आहे, व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच दुसऱ्याचा हात धरू शकतो आणि पुन्हा घसरलेल्याला पुन्हा घ्यायचं, हे तिथलंही सूत्र. अ‍ॅक्रनमधून निघालेला विचार मराठी घरात आला तो बराचसा याच वाटेनं. त्याला धर्माची पाटी लागली नाही, म्हणून त्याचं काही बिघडलं नाही.

महाराष्ट्रात प्रार्थनासभांकडे धर्मांतराच्या चष्म्यातून पाहिलं जातं, हेही टाळून चालणार नाही. आरोप राजकीय असतो तेव्हा त्याला राजकीय उत्तर द्यावं. पण बिछाना आणि जेवण यांच्या बदल्यात विश्वासाची कबुली मागितली जात असेल, तर ती चूक करुणेच्याच नियमानं चूक आहे. नशा उतरत असलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

कुलूप

करुणेच्या नावानं झालेल्या क्रौर्याची नोंद आढाव्यात हवी. ग्वाटेमालात पेंटेकोस्टल केंद्रांनी नातेवाइकांच्या सांगण्यावरून माणसं रस्त्यावरून उचलून कोंडून ठेवली. लिमा शहरात जानेवारी २०१२ मध्ये ‘ख्रिस्त प्रेम आहे’ अशा नावाच्या व्यसनमुक्ती केंद्राला आग लागली. दारं कुलूपबंद होती, पंचवीसहून अधिक माणसं मेली. आपल्याकडेही कुणाचीच नोंद नसलेली, साखळदंड वापरणारी केंद्रं वेळोवेळी उघडकीला येतात आणि त्यांत सगळ्या धर्मांची आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक आजार कायद्याच्या कक्षेत येतात. केंद्राची नोंदणी लागते, आणि रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई आहे.

मंडळीनं काय करावं

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, सव्वादोन कोटींच्या आसपास लोक अफूजन्य पदार्थ घेतात आणि साडेआठ लाख लोक सुईनं नशा करतात. उपचार मिळणारे फार थोडे. एवढ्या मोठ्या दरीत चर्चच्या रिकाम्या खोल्यांचा उपयोग आहे आणि प्रार्थना करणाऱ्यांचाही.

दीडशे वर्षांच्या अनुभवातून काही गोष्टी निर्विवाद ठरल्या आहेत. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून प्रार्थनेसाठी आलेल्या माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावं. ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्याला ‘गोळी सोड, विश्वास धर’ असं सांगू नये. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन मंडळीच्या फलकावर असावी. एए किंवा एनएला खोली द्यावी आणि तिचं भाडं मागू नये. साक्षीच्या सभेत सुटलेल्याला बोलवावं तसं झगडणाऱ्यालाही बोलवावं, म्हणजे तिसऱ्यांदा घसरलेला तरुण मागच्या बाकावर बसायला कचरणार नाही.

धर्मगुरूंनी जी त्यान्श्यांग यांना तीस वर्षं जे नाकारलं, त्याची भरपाई चर्चनं ते मेल्यावर शंभर वर्षांनी केली. आज रविवारी दारापाशी अडखळणाऱ्या माणसाला इतकी वाट पाहायला लावायचं कारण नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यानं त्याचं नाव विचारावं, फोन नंबर घ्यावा आणि मंगळवारी फोन करावा. तो उचलला नाही, तर बुधवारी पुन्हा करावा.